आबासाहेबांच्या काठीचं रबर

गडहिंग्लजच्या आबासाहेब इंगवल्यांसमोर मोठ्यानं खोकायचीही कुणाची छाती नव्हती. घरातल्या लेकीची पाठवणी त्यांच्या वडिलांच्या जुन्या मोटारीतूनच व्हायची. यंदा धाकट्या लेकीच्या पाठवणीला तर आंबोली घाट उतरायचा होता, आणि गाडी खड्ड्यात खडाखडा वाजायची, वळणावर भलतीकडेच ओढायची. चाकांच्या सांध्यांत धक्के झेलणारे सस्पेन्शनचे रबरी बुश पार झिजले होते. मुलगा संग्राम हे जाणून गप्प होता.

नवी सून उत्तरा मात्र म्हणाली, "आबासाहेब, नव्या जातीचे टिकाऊ बुश बसवून घेऊ या."

"वडिलांच्या गाडीला परका तुकडा लागणार नाही!" आबासाहेब गरजले. "लोखंड अस्सल आहे. चिमूटभर रबरानं काय बिघडतं? माझ्याच तोंडून 'रबर बसवा' असं वदवून दाखव, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसलेले असताना उत्तरानं त्यांची काठी हातात दिली. उठण्याआधीच ते थबकले.

"अगं, हिच्या टोकाचं रबर कुठंय? या फरशीवर घसरून पडू का मी? आधी रबर बसवा!"

"काठी तर तुमच्या वडिलांचीच आहे, अस्सल शिसवी," उत्तरा शांतपणे म्हणाली. "चिमूटभर रबरानं काय बिघडतं? मागच्या महिन्यात तुम्ही हिला नवं, जाड रबर बसवलंत. म्हणून ही परकी झाली का?"

तिनं मुठीतलं रबर पुढं केलं. आबासाहेबांनी ते काठीच्या टोकाला चढवलं, फरशीवर एकदा टेकवून पाहिलं आणि दारातल्या संग्रामकडे वळले.

"संग्राम, गाडी गॅरेजला ने," ते म्हणाले. "आणि घाटात सूनबाई चालवेल. तू मागं बस."