चिमाक्काचा घास

सखोबामहाराजांचा मुक्काम त्या काळी आंबेदरी गावी होता. ओढ्याकाठच्या मठाला लागून त्यांनी एक लांबट पडवी बांधून घेतली होती. कोणाला दृष्टी नाही, कोणाचे पाय चालत नाहीत, अशी काही माणसे तिथे कायमची राहत. लोक पडवीला धर्मशाळा म्हणू लागले, तेव्हा महाराज म्हणाले, "धर्मशाळेत वाटसरू उतरतात. हे यांचे घर आहे. दारात हाक मारून मगच आत जात जा."

त्या घरात चिमाक्का होती. अंग आखडलेले, मान कललेली, वाचा नाही. महाराजांचे भजन सुरू झाले की तिचे डोळे दाराकडे लागत आणि संपेपर्यंत तिथून हलत नसत. तिची भक्ती तेवढीच, आणि महाराजांना ती पुरेशी होती.

तिला भरवायचे काम येसाबाईचे. येसाबाईने उभी हयात बाजारात भाजी विकली होती. तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जाई. पण चिमाक्कापुढे बसली की ती गप्प होई. महाराजांनी रीतच घालून दिली होती: चिमाक्काला टेकवून बसवायचे, समोर बसून घास दाखवायचा, आणि तिने पापण्या मिटून उघडल्या की मगच भरवायचा. तोवर थांबायचे.

मठाचे कारभारी नरहरपंत. कामाला चोख आणि त्याचा त्यांना ताठाही तेवढाच. सांजआरतीपूर्वी सगळी भांडी घासून पालथी पडली पाहिजेत, हा त्यांचा दंडक. चिमाक्काची वाटी रोज मागे राही.

"येसे, भरवतेस की मुहूर्त बघतेस?" पंत विचारीत.

"तुम्ही एक घास गिळायच्या आत घरी कोणी दुसरा कोंबतं का, पंत?"

"अगं, मला कळतं. या लाकडाला काय कळतंय? आणि तोवर भात गार होतो. तूच तिला गारढोण खायला घालतेस."

तेवढे मात्र खरे होते; भात खरोखरच गार होई.

एकदा महाराज कीर्तनासाठी परगावी गेले. पंतांनी ती संधी साधली. भात, आमटी, भाजी एकाच पातेल्यात कालवली, दोन वाढप्यांच्या हाती पळ्या दिल्या आणि येसाबाईला पडवीत यायची बंदी केली. दिवेलागणीच्या आत सगळे आटोपले.

"कारभारी," पडवीतला आंधळा सावळा म्हणाला, "आज माझ्या तोंडात भाजी गेली आणि कानात आमटी. मीठ मात्र बेताचं होतं."

चिमाक्काला पहिला घास पापणी हलायच्या आत भरवला गेला. तिला जोराचा ठसका लागला. त्यानंतर तिने दात घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशीही ते उघडले नाहीत, पाण्यालासुद्धा नाही. तिचे डोळे खोल गेले.

"पंत, अशानं ती जाईल हो," येसाबाई दाराबाहेरून म्हणाली.

"हट्टी आहे. भूक लागली की उघडेल," पंत म्हणाले. पण त्या रात्री त्यांनाही जेवण गेले नाही.

पुढच्या संध्याकाळी महाराज परतले. मठात न जाता थेट पडवीच्या दारात उभे राहिले. "चिमाक्का, आम्ही आलो आहोत." चिमाक्काचे डोळे दाराकडे वळले नाहीत.

महाराजांनी भात मागितला. पंत हात जोडून म्हणाले, "चूल विझली, महाराज. सकाळचा मूठभर शिळा उरलाय. आणि आता आरतीची वेळ झाली."

महाराजांनी तो शिळा भात वाटीत घेतला, वाटी क्षणभर ओंजळीत धरली आणि येसाबाईला दिली. "भरव. घाई करू नकोस. ऊब आम्ही राखतो."

काय ते नवल! वाटीतून वाफ येऊ लागली.

येसाबाईने घास दाखवला आणि ती थांबली. आरतीची वेळ टळली. टाळ घेतलेली मंडळी दारात गोळा झाली. कितीतरी वेळाने चिमाक्काच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. पहिला घास पोटात गेला. मग पुन्हा थांबणे. मूठभर भात सरायला कीर्तनाचा पूर्वरंग होईल एवढा वेळ लागला, पण वाफ काही कमी होईना.

वाटीखाली कोणी निखारा ठेवला असावा, असे पंतांना वाटले. शेवटचे घास उरले असताना त्यांनी वाटीला बोट लावले आणि चटका बसून ते तोंडात घातले. चिमाक्का तोच भात सुखाने खात होती.

"काय झालं, पंत?" सावळ्याने विचारले. "मला दिसलं नाही."

पडवीत हशा पिकला. पंत मात्र महाराजांच्या पायांशी वाकले. "महाराज, मी चुकलो. आपली सत्ता मोठी."

महाराजांनी पाय मागे घेतले. "भात ऊन राखला, त्यात काय मोठेसे. थांबणे तर तुमच्याही हातात होते. पाया पडायचे तर तिच्या पडा. पण आधी विचारा."

नरहरपंत चिमाक्कासमोर बसले. "चिमाक्का, पाया पडू?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. पापणी हलली नाही. पंतांच्या पायाला मुंग्या आल्या. येसाबाईने तोंडाला पदर लावला.

"कारभारी, आरतीला उशीर होतोय," सावळा म्हणाला.

"होऊ दे," पंत म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

मग चिमाक्काने अगदी सावकाश पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि पंतांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. त्यानंतरच मठात आरतीची घंटा वाजली.