किटलीच्या पोटातले परीक्षक

कॉम्प्युटरवर हुबेहूब थ्रीडी वस्तू घडवण्याची स्पर्धा होती. तेजलने घडवलेली स्टीलची किटली पडद्यावर झळकली आणि परीक्षक दिघावकर सर बोट उगारून गरजले, "हा चक्क फोटो आहे! मला बनवतेस? बाद!"

तेजल डगमगली नाही. तिने मोबाइलवर सरांची छबी टिपली आणि कॉम्प्युटरात किटलीसमोर उभी केली. लगेच किटलीच्या चकचकीत पोटात गाल फुगलेले सर बोट उगारून उभे! तिने किटली फिरवली, तसे ते तोटीवर लांबुळके झाले.

"सर, हा फोटो असेल, तर त्यात तुम्ही आत्ता कसे शिरलात?"

सभागृह हसून लोटपोट झालं. सरांनी बोट खाली घेतलं आणि पहिला नंबर तेजलला दिला. किटलीतलं बोट मात्र अजून वरच होतं.