शेंदरीचा कौल

विषय : मौजे कोळंबखोल येथील पशुवैद्यकीय दवाखान्यास कै. ठकूबाई यांचे नाव देण्याबाबत.

संदर्भ : ग्रामसभेचा ठराव, तसेच गावातील सर्व वृद्धांचे, आणि ज्यांना वृद्ध म्हटलेले आवडत नाही अशा काहींचेही, तोंडी निवेदन.

वरील विषयास अनुसरून हकीगत अशी, की फार वर्षांपूर्वी, कोळंबखोलात सतराच घरं होती आणि तालुक्याला कोळंबखोल नावाचं गाव आहे हे माहीत नव्हतं, तेव्हा गावाच्या खालच्या टोकाला ठकू नावाची एक बाई राहत होती. नवरा गलबतावर गेला तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. सगळा गाव तिला ठकूमावशी म्हणायचा, आणि मावशी म्हटल्यावर आणखी काही करावं लागत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबायचा.

तिच्याकडे एक कोंबडी होती. रंगानं तांबूस, म्हणून नाव शेंदरी. ठकूमावशी चुलीपाशी बसून दिवसभराचं काहीबाही बोलायची आणि शेंदरी उंबऱ्यावर बसून मधूनमधून 'क्रुक' म्हणायची. असं म्हणतात की ती योग्य जागीच क्रुक म्हणायची. गावातल्या पुष्कळ नवऱ्यांना हे साधत नव्हतं.

आता गावाचे दोन रिवाज सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पहिला राखणीचा. गावाच्या शिवेवर एक काळा दगड आहे. तो राखणदार. दर आश्विनात, भाताला विळा लावण्याआधी, त्याला एक कोंबडी द्यायची. ती गावातच जन्मलेली हवी, धडधाकट हवी, आणि दगडापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली पाहिजे. राखण दिल्याशिवाय कुणी भाताचं पातं कापायचं नाही.

दुसरा औषधाचा. ज्या हातानं एखाद्या जिवाला औषध दिलं, त्या हातानं त्या जिवाचा घात करायचा नाही. हा रिवाज माणसांना लागू होता, बैलांना होता, एकदा एका कुत्र्यालाही झाला होता. कोंबड्यांना लागू आहे की नाही हा प्रश्न मात्र कधी आला नव्हता, कारण आजारी कोंबडीवर गावात एकच उपचार चालायचा, आणि त्यात कांदा, खोबरं, मिरची भाजून वाटून घालत.

त्या वर्षी भाद्रपदात कोंबड्यांवर मर आली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान टाकायची. पंधरा दिवसांत सतरा घरांची खुराडी रिकामी झाली. पहाटे आरवायला कोंबडा उरला नाही, आणि पहिले काही दिवस गाव उशिरा उठलं. उरली फक्त शेंदरी, आणि एका सकाळी तीही उंबऱ्यावर आली नाही.

ठकूमावशीनं खुराड्यात हात घातला. शेंदरी अंग फुगवून बसली होती. डोळे मिटलेले, तुरा काळवंडलेला, मान एका बाजूला कललेली. ठकूमावशीनं तिला बाहेर काढलं आणि पदरात घेतलं. अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं.

तिनं बांबूच्या रोवळीत भाताचं तूस पसरलं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि शेंदरीला उन्हाच्या कडेला ठेवलं. पेजेच्या निवळीत हळद कालवली, लसणाची पाकळी ठेचून तिचा रस घातला. कापसाची वात त्यात भिजवून चोचीच्या कडेला धरली. एक थेंब गेला. दुसरा बाहेर आला. तिसरा गेला.

"गिळ गो बाय," ठकूमावशी म्हणाली. "माझ्याशी बोलायला दुसरं कोण हाय?"

शेंदरी क्रुक म्हणाली नाही. उत्तर न मिळण्याची ती पहिलीच वेळ, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी विसराम गावकर आला. तो गावाचा प्रमुख होता. त्याच्या मागून धाकू गुरव आला. राखणदाराची पूजा धाकूकडे होती, आणि राखण देताना सुरीही त्याच्याच हातात असायची. दोघंही रोवळीपाशी उकिडवे बसले आणि आजाऱ्याला पाहायला आलेले लोक जसे बघतात तसे बघू लागले.

"मावशे, ही जगायला हवी," गावकर म्हणाला.

ठकूमावशीला भरून आलं. आपल्यासारखंच कुणाला तरी वाटतं आहे, असं तिला वाटलं.

"नवमीला राखण हाय," गावकर पुढं म्हणाला. "भात पिकलंय. आठ दिवसांत नाय कापलं तर दाणा शेतातच गळंल. गावात दुसरं पाखरू उरलं नाय. हिला बरी कर, आपल्या पायांनी दगडापर्यंत चालव, बाकीचं धाकू बघंल."

धाकूनं मान हलवली. तो मुळात हळवा माणूस होता. सुरी चालवताना डोळे मिटून घ्यायचा, त्यामुळे दोनदा त्याचाच अंगठा कापला होता.

अशा रीतीनं कोंबडी मारता यावी म्हणून तिला बरी करण्याचं ठरलं. यात काही चुकतं आहे असं सतरा घरांत कुणालाच वाटलं नाही. ठकूमावशीला वाटलं, पण तिचं मत विचारलेलं नव्हतं.

ते गेल्यावर ती पुष्कळ वेळ रोवळीपाशी बसून राहिली. औषध थांबवावं, तर शेंदरी आज मरणार. द्यावं, तर नवमीला. वात वाटीत भिजत पडली होती. मग शेंदरीनं एक डोळा अर्धा उघडला आणि ठकूमावशीनं वात उचलली. आजचं मरण आज टाळावं, नवमीचं नवमीला बघू, एवढाच विचार तिनं केला.

पण असं म्हणतात की तिसऱ्या दिवशी, हळद कालवता कालवता, तिनं स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं आणि ती थांबली. मग हात न धुताच उठली आणि गावकराच्या दारात गेली.

"गावकरा, एकटीच्यानं नाय व्हायचं. गावाची राखण हाय, तर गावानं हात लावावा. घरटी एकानं यावं, आपल्या घरचं औषध आणावं, आणि आपल्याच हातानं द्यावं. माझे हात कापतात."

गावकराला हे फार योग्य वाटलं. काम वाटून देणं त्याला नेहमीच योग्य वाटायचं.

त्या दिवसापासून ठकूमावशीच्या दारात रीघ लागली. ज्या अंगणात वर्षभर कुणी चप्पल काढली नव्हती तिथं चपलांचा ढीग पडू लागला. कुणी तुळशीचा रस आणला, कुणी सुंठ उगाळून आणली, कुणी पातळ ताक. गावकराची बायको गाईच्या तुपात मिरी घालून आली आणि शेंदरीला "आमची शाणी ती" म्हणू लागली. एकजण तापलेल्या विळ्यानं डाग द्यावा असं सुचवत होता. ठकूमावशीनं त्याला, आधी स्वतःला देऊन बघ आणि गुण आला तर ये, असं सांगितलं. त्यानं मग कडुनिंबाचा पाला आणला.

प्रत्येकाला ती रोवळीसमोर बसवायची, वात हातात द्यायची. "घाईनं नको. थेंब पडला की मानेवरनं बोट फिरव. हां. आता गिळंल." शेताच्या बांधावरून भांडून एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ एका वाटीवर वाकून बसले. एकानं शेंदरीची मान धरली, दुसऱ्यानं थेंब सोडला, आणि बोलणं व्हायला नको म्हणून दोघंही कोंबडीशीच बोलले.

पाचव्या दिवशी शेंदरीनं मान सरळ केली. गावकरानं स्वतः येऊन खात्री केली आणि खात्री करता करता दोन थेंब सुंठ पाजली.

सहाव्या दिवशी मात्र पुन्हा ताप चढला. शेंदरी एका कुशीवर पडली आणि पंजे आखडले. ठकूमावशीनं तिला उचलून छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच तिचे हात खरोखर कापू लागले. राखणीचं काय, हे त्या दिवशी कुणीही बोललं नाही. धाकू गुरव उठून गेला तो धावत परत आला. त्याच्या मुठीत राखणदाराच्या दगडापुढचा अंगारा होता.

"देवाचा हाय," तो म्हणाला. "लागू पडंल."

त्यानं शेंदरीच्या तुऱ्याला अंगारा लावला, चिमूटभर चोचीत सोडला, आणि तिचे आखडलेले पंजे आपल्या दोन्ही तळव्यांत धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. सूर्य टेकताना शेंदरी क्रुक म्हणाली. असं म्हणतात की ते सतरा घरांत ऐकू गेलं, आणि सतरा घरांत कुणीतरी "आली" म्हणालं.

नवमीला सकाळी ठकूमावशीनं शेंदरीच्या पायात हळदीचा दोरा बांधला आणि तिला अंगणात सोडलं. शेंदरी चालू लागली. मागून ठकूमावशी, तिच्यामागून गाव. वाटेत शेंदरी दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा सगळा गाव थांबला. दगडापाशी पोचल्यावर गावकर म्हणाला, "धाकू, सुरी घे."

धाकूनं सुरी घेतली नाही. तो आपल्या तळव्यांकडे बघत होता.

"गावकरानू, या हातानं मी तिला औषध दिलंय."

गावकरानं इकडंतिकडं पाहिलं. "मंग दुसरा कुणीतरी घ्या."

कडुनिंबवाला पुढं झाला नाही. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून एक पाऊल मागं गेले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचं एकमत झालं. गावकराची बायको नवऱ्याला म्हणाली, "तुमीच घ्या की." मग तिला सुंठ आठवली आणि ती म्हणाली, "नको. तुमीपन नको."

गावकर ठकूमावशीकडे वळला. "मावशे, तू आमाला फसवलंस."

"फसवलं कसं? बरी कर म्हनलास, केली. चालव म्हनलास, चालवली."

"मानसांचं सोड. देवाला तर दिली पायजे."

"देवाला?" ठकूमावशी म्हणाली. "सहाव्या दिवशी अंगारा कुनाचा लागू पडला? त्यानंबी औषध दिलंय तिला, गावकरा. तो तरी कुठल्या हातानं घेईल?"

शेतातून पिकल्या भाताची सळसळ तेवढी येत होती. शेवटी धाकू म्हणाला, "देवालाच विचारू."

देवाला विचारणं म्हणजे कौल लावणं. तांदळाचे दोन दाणे ओले करून दगडाला चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा आधी पडला तर देवाला राखण हवी. डावा पडला तर नको. धाकूनं दाणे लावले आणि हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले. ठकूमावशीनं डोळे मिटले, कारण उजवा दाणा थोडा सुटल्यासारखा तिला दिसला होता.

आजारातून उठलेल्या जिवाला भूक फार लागते. शेंदरी दगडापाशी गेली, मान वर केली, आणि उजवा दाणा टिपला. मग डावा टिपला. मग दगडाच्या सावलीत बसली आणि म्हणाली, "क्रुक."

देवाचा निकाल पक्षकारानंच खाल्ल्याचं दुसरं उदाहरण उपलब्ध नाही.

"आता रं?" गावकरानं विचारलं.

"राखण देवासमोर हजर हाय," ठकूमावशी म्हणाली. "न्यायची का नाय, ते तो सांगंल तेवा सांगंल. भातानं का म्हनून थांबायचं?"

गावकरानं शेताकडे पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काम न देता स्वतः विळा उचलला. देवापुढं त्या वर्षी नारळ फोडला. असं म्हणतात की कापणीत शेंदरी खाचराखाचरांतून पुढं चालत गेली, आणि ती गेली तिथं एक दाणा गळला नाही. असंही म्हणतात की कौल लागेपर्यंत तिला मरता येईना, म्हणून ती कोंबडीच्या आयुष्याहून पुष्कळ जास्त जगली. पशुवैद्यक खात्याचं मत याबाबत वेगळं आहे. गावानं ते ऐकून घेतलं.

ठकूमावशीचं दार मात्र पुन्हा कधी रिकामं राहिलं नाही. कुणाची कोंबडी, कुणाची शेळी, कुणाचं काहीच नाही, नुसतं बोलायला. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा तिरडीमागून शेंदरी चालत निघाली, शिवेवरच्या दगडापर्यंत आली आणि दगडाला वळसा घालून पलीकडे गेली. लोक पलीकडे जाऊन बघतात तर तिथं हळदीचा दोरा पडलेला, गाठ न सुटलेला.

आजही कोळंबखोलात कुणाची कोंबडी आजारी पडली की घरटी एकजण जातो, आपल्या हातानं थेंब पाजतो, आणि तिच्या पायात हळदीचा दोरा बांधतात. दोऱ्याची कोंबडी कुणी कापत नाही. जावई यायचे असले की गावातल्या निम्म्या कोंबड्यांना सर्दी होते, अशी जावयांची जुनी तक्रार आहे. आणि दर आश्विनात, नवमीला, राखणदाराला नारळ देऊन कौल लावतात. दोन ओले दाणे दगडाला, आणि दोऱ्याची एक कोंबडी दगडापाशी मोकळी.

नऊ वर्षांपूर्वी गावात पशुवैद्यकीय दवाखाना झाला. त्याला ठकूबाईंचं नाव द्यावं असा अर्ज गावानं केला. कार्यालयानं ठकूबाईंच्या शैक्षणिक अर्हतेचा दाखला मागितला. गावानं त्या मूळ सतरा घरांच्या वारसांचे अंगठे पाठवले. त्यानंतर कार्यालयानं कळवलं, की दवाखान्याची जागा कागदोपत्री शिवेवरच्या देवस्थानची आहे. सबब सदर देवस्थानची नामकरणास हरकत नसल्याबाबत दाखला जोडावा.

गावानं उलट टपाली उत्तर दिलं : देवास विचारले आहे. कौल कोंबडीने खाल्ला. येत्या नवमीस पुन्हा लावण्यात येईल.

हे उत्तर दरवर्षी जातं. अर्ज प्रलंबित आहे.