टाचा टेकेपर्यंत

"...पण अंग तयार व्हायला आणखी किती दिवस, बुवा? खुरपं कधी देणार?"

बळवंतराव सोनटक्के फौजदारांनी हे विचारलं ते उकिडवं बसायच्या खटपटीत, अर्ध्यावरच अडकून. टाचा काही केल्या जमिनीला टेकत नव्हत्या.

ऐंशीचे भिवगीर बुवा मठाच्या वाफ्यात सकाळपासून उकिडवेच होते. बसल्या बसल्या पुढे सरकत होते, गवत काढत होते.

"घाई कसली, फौजदार?"

घाई होती. बायकोला, प्रयागबाईंना, जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या शेवंतीत गवत माजलं होतं आणि त्याला परक्या माळ्याचा हात लागू द्यायचा नाही, हा फौजदारांचा हट्ट. स्वतः खुरपायला गेले, तर पहिल्याच दिवशी कंबर धरली. आठ दिवस अंथरूण. म्हणून ते बुवांकडे आले. बुवांनी एकच नेम सांगितला: रोज सकाळी उकिडवं बसायचं. रिकाम्या हातानं.

"तीस वर्षं ताठ उभा राहिलोय, बुवा. कुणापुढं वाकलो नाही."

"गुडघे तेच सांगतायत."

"आणि बागेतलं मला कळतं. रोज ओट्यावरून हिला सांगायचो, डावीकडं राहिलंय बघ..."

बुवा गवत उपटत पुढे सरकले.

महिना गेला. फौजदार धडपडले, मागे कोसळले, बुवांवर चिडले, पण येत राहिले. एका सकाळी टाचा टेकल्या.

"बसलो! द्या आता खुरपं."

बुवा उठले. मठाच्या ओट्यावर चढले. हात पाठीशी बांधून ताठ उभे राहिले.

"डावीकडं राहिलंय बघ."

फौजदारांनी वर पाहिलं. बुवांचे नुसते पाय दिसले. तोंड दिसावं म्हणून मान मागे टाकली, तर डोळ्यांत ऊन गेलं.

प्रयाग अशीच बघायची. डोळ्यांवर हात धरून. "या की, बसा जरा इथं," म्हणायची. आणि हे वरूनच हसायचे. पँटची इस्त्री मोडेल म्हणून...

एकदा तरी बसायला हवं होतं. एकदाच.

"बुवा... ती किती वर्षं बोलवत होती."

बुवा खाली उतरले, शेजारी उकिडवे बसले. 

मग कमरेचं खुरपं काढून त्यांनी फौजदारांच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. आता अंग तयार झालं."