केरोबाचे वाकडे पान

एका राज्यात राजाला कसलीच वाण नव्हती, तरी हाव सुटत नव्हती. एकदा त्याने मायावनातल्या जादूगाराच्या दारावरची सोन्याची पाटी काढून आणली, तिच्यावरचे नाव खरवडले आणि आपले कोरले. जादूगार म्हणाला, "राजा, माझ्या दाराची ओळख तू पुसलीस. आता तुझ्या राज्यात जो उंबरठा ओलांडेल, त्याला आपले दार ओळखू येणार नाही, की दारातले माणूस." झाले! राजा सकाळी फेरफटक्याला निघाला, तो कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन बसला. प्रधान त्याला शोधायला निघाला, तोही त्याच्याच शेजारी.

त्याच नगरात गोजरा आणि तिचा नवरा केरोबा दारांसाठी लाकडी पाट्या करीत. केरोबा फळी तासायचा. गोजरा नाव लिहायची, भोवती वेल रंगवायची. वेलीचे शेवटचे पान मात्र केरोबाचे. ते हटकून वाकडे यायचे. "धनी, तुमचं पान म्हणजे बकरीनं चावलेलं!" असे गोजरा म्हणायची आणि पुढच्या पाटीला कुंचला पुन्हा त्याच्याच हाती द्यायची. जीवच होता तिचा त्याच्यावर.

शाप लागला तेव्हा केरोबा लाकूड आणायला गेलेला. रोज दुपारी तो दारावरून जाई. गोजरा उंबरठ्याच्या आतून हाका मारी, "धनी, हेच आपलं घर!" तो अदबीने म्हणे, "बाई, माझंच घर मला सापडेना. परक्याच्या घरात कसा शिरू?" गोजराच्या घशाखाली घास उतरेना.

मग छपरावरची साळुंकी बोलली, "गोजरे, पाटी कर. पाटी पाहून एक जण जरी घरी परतला, तरी साऱ्या राज्याचा शाप सुटेल. पण तीनच पाट्या. तिसरीही चुकली, तर तुझा धनी या वाटेला पुन्हा यायचा नाही."

गोजराने पहिल्या पाटीवर केरोबाचे नाव ठसठशीत लिहिले. तो थांबला, वाचून म्हणाला, "नाव माझंच, पण दार दुसऱ्या कुणाचं." आणि गेला.

दुसरीवर तिने मोर काढले, कमळे काढली, वेलीचे पान न् पान रेखीव. तो म्हणाला, "हे तर कुणा सरदाराचं घर!" आणि झपाझपा गेला.

तिसरी फळी साधी होती. गोजराने नाव लिहिले, वेल काढली, शेवटच्या पानाशी आली आणि तिचा हात थांबला. हे पान तर नेहमी केरोबाचे. ती जागा तिने कोरी ठेवली, पाटी दारावर टांगली, कुंचला उंबरठ्यावर ठेवला आणि देव आठवत बसली.

दुपारी केरोबा आला. पाहतो तो वेल अपुरी. त्याला राहवेना. "एवढंच कशाला ठेवलंय?" असे पुटपुटत त्याने कुंचला उचलला आणि पान काढले. वाकडेच आले!

"बकरीनं चावलेलं!" गोजरा रडत रडत ओरडली.

केरोबाने पानाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि उंबरठा ओलांडून आत आला. "गोजरे, भाकरी टाक. कधीचा भुकेला आहे मी."

त्या क्षणी राज्यातल्या साऱ्या वाटा आपापल्या दारी पोचल्या. राजा गोठ्यातून उठला, सोन्याची पाटी जादूगाराला देऊन आला आणि गोजराकडे लाकडी पाटी मागू लागला.

"देईन, महाराज," गोजरा म्हणाली, "पण शेवटचं पान तुम्ही काढायचं."

राजाने काढले. ते केरोबाच्या पानाहून वाकडे आले, आणि केरोबा आठवडाभर मिशीत हसत होता.

ज्याचे दार त्याला मिळाले, आणि गोष्टही आपल्या घरी गेली.