गच्चीवरच्या कुरडया

अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर, आणि नेमका कुमुदताई ढोऱ्यांचा चौदा वर्षांचा एसी गरम वारा फेकू लागला. त्याच खोलीत हृदयाचं ऑपरेशन होऊन आलेले सासरे धापा टाकत पडले होते. एसी दुरुस्त करावा की नवाच घ्यावा, या काळजीने ताईंना घास गिळवत नव्हता.

शहरातले बडे एसीवाले धांडेसाहेब स्वतः आले. दारात बूट काढून गच्चीवरचं युनिट बघायला गेले आणि दोन मिनिटांत परतले.

"कंप्रेसर जळालाय, वहिनी. या डोळ्यांनी पाहिलं. आजच नवा घ्या. उद्या बाबांना काही झालं, तर मला बोलू नका!"

ताई हो म्हणणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष साहेबांच्या पायांकडे गेलं. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर अनवाणी गेलेला माणूस नाचतच खाली येतो. हे तर डुलत आले होते.

"साहेब, वरच्या कुरडया वाळल्या का हो?"

"वाळल्या की! अगदी कडकडीत."

"यंदा बाबांच्या दुखण्यात मी एकही कुरडई घातलेली नाही. नसलेल्या कुरडया ज्यांना वाळलेल्या दिसल्या, त्यांना धडधाकट कंप्रेसर जळालेला दिसला, तर त्यात नवल काय?"

धांडेसाहेब पुन्हा वर गेले, या वेळी बूट घालून. युनिटच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता. तो त्यांनी स्वतः धुतला.

तासाभराने सासऱ्यांनी पांघरूण मागितलं.