तिसरी वाटी

खूप मागची गोष्ट आहे, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हाची. एका राज्यात एका पांढऱ्या रेशमी दोऱ्यावर तिळाएवढा डाग पडला.

दोरा होता राणीच्या हारातला, आणि डाग होता मधल्या पाचूच्या बरोबर खाली. तो दिसला एकाच मुलीला. राजाच्या रत्नशाळेतली ती सगळ्यांत धाकटी पारखी. शिकलेली, नजरेची तीक्ष्ण, पण फार भित्री. कुठं भांडं पडलं की तिच्या हातातलं भिंगही पडायचं. बाकीचे पारखी म्हणायचे, "हिला हळू हाक मारा रे, स्वतःच्या सावलीलाही 'कोण आहे' म्हणून विचारते."

डाग पाहूनही ती दचकली. पण तिचं ऐकायला कोणाला सवड नव्हती, कारण पाचूला तडा गेला होता.

हार आदल्याच दिवशी ओवून झाला होता. ओवला होता नगरातल्या म्हाताऱ्या पटवेकरणीनं. साठ वर्षं ती राजघराण्याचे दागिने रेशमात गुंफत आली होती. राणीनं तो घालून भर उन्हात मिरवणूक पाहिली, आणि परत येऊन बघते तर हिरव्यागार पाचूत केसासारख्या पांढऱ्या रेघा.

रत्नशाळेत दोन वाट्या होत्या. दगड अस्सल निघाला तर चांदीच्या वाटीत टाकायचा, काच निघाली तर मातीच्या. रत्नशाळेचे प्रमुख, थोरले पारखी, यांनी पाचूवर श्वास सोडला. वाफ लगेच विरली. काचेवर ती रेंगाळते. भिंगातून पाहिलं, काचेतल्यासारखे बुडबुडे कुठंच नव्हते. पाचू चांदीच्या वाटीत पडला. एका व्यापाऱ्याकडून हा पाचू घेतानाही त्यांनीच तो पारखून अस्सल ठरवला होता.

मग तडा आला कुठून? सुईचा धक्का लागूनच आला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. राजानं निकाल दिला: पटवेकरणीची सुई रत्नशाळेच्या दारात मोडायची, आणि उद्या सूर्य मावळायच्या आत तिनं गावाची वेस ओलांडायची.

मुलगी तो दोरा घेऊन म्हातारीच्या ओसरीवर गेली. विचारायच्या आधी तिनं दोरा दोनदा बोटाला गुंडाळला नि सोडला. शेवटी कसंबसं म्हणाली, "मावशी, सुई लागली का हो?"

"लागली असती तर मीच पहिली सांगत आले असते, पोरी," म्हातारी म्हणाली. "साठ वर्षांत माझ्या सुईनं फक्त माझीच बोटं फोडलीत."

मुलीनं दोरा नाकाशी धरला. देवदाराच्या तेलाचा वास येत होता. पाचूला कुठं वास असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रत्नशाळेच्या अंगणात पितळी परात मांडली आणि तीत पांढरं रेशीम अंथरलं. त्यावर तीन हिरवे दगड ठेवले. एक राज्याच्याच खाणीतून आलेला पाचू, एक काच, आणि तिसरा त्याच व्यापाऱ्याकडून घेतलेला दुसरा पाचू, ज्याला अजून कोणाची सुई शिवलेली नव्हती. ऊन चढत गेलं. परातीवर ती स्वतःचा तळवा टेकून बसली, कारण हाताला सोसेल एवढ्या उबेनं दगड फुटत नाही.

उन्हं कलली तेव्हा तिनं दगड उचलले. काचेखाली रेशीम कोरं. खाणीतल्या पाचूखालीही कोरं, आणि त्याच्या पोटातल्या शेवाळासारख्या खुणा सकाळी होत्या तशाच. व्यापाऱ्याच्या पाचूखाली मात्र तेलाचा गोल डाग होता, आणि त्या दगडातही पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

आता तिथली एक रीत होती. पारखणाऱ्यानं 'पाहिलं' अशी हाक द्यायची, आणि दुसऱ्या पारख्यानं स्वतः भिंग लावून 'दिसलं' म्हणायचं. तीन हाकांना ओ आली नाही, तर पाहिलेलं न पाहिल्यात जमा.

"पाहिलं," मुलगी हळूच म्हणाली. एका पारख्याला पागोटं नीट करायचं आठवलं, दुसऱ्याला खोकला आला. 'दिसलं' म्हणायचं म्हणजे थोरल्यांची चूक दाखवायची.

तिनं दुसरी हाक दिली. तेवढ्यात दाराशी भाला आपटला, आणि तिच्या हातातलं भिंग गळून पडलं. शिपाई पटवेकरणीला घेऊन आले होते. म्हातारीच्या काखेत बोचकं होतं आणि शिपायाच्या चिमटीत तिची सुई. ऊन भिंतीच्या पार टोकाला पोचलं होतं.

मुलीनं भिंग उचललं.

"पाचू खोटा नाही," ती म्हणाली. "थोरल्यांनी सांगितलं ते खरंच आहे. पण त्यात आधीपासून चिरा होत्या, आणि कोणीतरी तेल भरून त्या लपवल्या होत्या. उन्हानं तेल सुटलं, चिरा दिसल्या. तो चांदीच्या वाटीतला नाही, मातीच्याही वाटीतला नाही. त्या दगडाला आपल्याकडे वाटीच नाही, म्हणून आज मावशीला गाव नाही."

आणि तिनं तिसरी हाक दिली, इतकी मोठी की छपरावरची कबुतरं उडाली. त्या दिवशी पहिल्यांदाच, ती सोडून बाकी सगळे दचकले.

मग थोरले पारखी उठले. त्यांनी तिच्या हातून भिंग घेतलं, दगड पाहिला, रेशीम हुंगलं, पुन्हा दगड पाहिला. बराच वेळ पाहिला. मग कमरेचा पानाचा डबा उघडून त्यातली तांब्याची वाटी रिकामी केली आणि चांदीच्या व मातीच्या वाट्यांच्या मधोमध मांडली. राणीचा पाचू चांदीच्या वाटीतून काढून त्यांनी तांब्याच्या वाटीत टाकला. खणकन आवाज झाला. मुलगी दचकली नाही.

"दिसलं," ते म्हणाले. "मला आधीच दिसायला हवं होतं. राजांना मी सांगतो. व्यापाऱ्याला बोलावणं धाडा, आणि पटवेकरीणबाईंची सुई त्यांच्या हातात द्या."

लहानांनो, थोरांनो, खोटं नाही म्हणून सगळंच निखळ नसतं; झाकलेलं उघड करायला पाहणारा एक लागतो, आणि 'दिसलं' म्हणायला धजणारा दुसरा.